मी खराब नव्हते

मित्रांनो, कॉम्प्युटरवर काही लिहून झाले की ते जपून ठेवायला तुम्ही एका छोट्या चौकोनी चित्रावर टिचकी मारता ना? ते चित्र माझे आहे. मला प्रत्यक्ष पाहिलेले तुमच्यात फारसे कोणी नसेल. मी एक जुनी फ्लॉपी आहे. तळहाताएवढी, काळी, पातळ. माझ्या एका कोपऱ्याला पांढऱ्या कापडी पट्टीचा तुकडा चिकटवलेला आहे. पोटातली नाजूक चकती झाकायला एक सरकते पत्र्याचे झाकण होते, ते आता जागेवर नाही. ते कोणी उपटले आणि का उपटले, हेच मला सांगायचे आहे. आधीच सांगून ठेवते की माझ्या मनात राग आहे. या वयात राग शोभत नाही असे म्हणणारे म्हणोत, त्यांना कोणी खोटे पाडून डब्यात टाकलेले नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते बोटीचे हेलकावे आणि मग सीरियातल्या हलब, म्हणजे अलेप्पो, शहरातले एक दुकान. वह्या, शाई, पट्ट्या आणि काचेच्या कपाटात आम्ही. आमच्या खोक्यातल्या बाकीच्या बहिणी एका कचेरीच्या माणसाने एकगठ्ठा नेल्या. मी एकटी उरले होते. तेव्हा डोक्याला करडा रुमाल बांधलेली एक बाई आली, तिने मला उलटून पालटून पाहिले आणि स्वतःच्या पदरचे पैसे देऊन घेतले. ती नजाह. त्या दिवशी मला वाटले की आपले नशीब उघडले.

नजाह कल्लासे भागातल्या एका भरतकामाच्या कारखान्यात काम करत असे. तिथे एक भले मोठे यंत्र होते. त्याच्या डझनभर सुया एका दमात खाली येत आणि एकाच वेळी सगळ्या कापडांवर एकच नक्षी उमटे. पण कोणता टाका कुठे घालायचा हे त्या यंत्राला आपले आपण कळत नसे. ते आमच्या पोटात लिहिलेले असे. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, फ्लॉपीत उतरवायची आणि फ्लॉपी यंत्राच्या तोंडात द्यायची, असा तो मामला होता.

यंत्र जुने होते आणि हट्टी होते. त्याला फक्त एका भोकाची, पोटात कमी मावणाऱ्या जातीची फ्लॉपी चाले. बाजारात तर माझ्यासारख्या दोन भोकांच्या येऊ लागल्या होत्या. मग कारखान्यातल्या लोकांनी एक युक्ती काढली होती. दुसऱ्या भोकावर चिकटपट्टी लावायची आणि यंत्राला फसवायचे. माझ्या भोकावर नजाहने आपल्या आईच्या शिवणाच्या डब्यातली पांढरी कापडी पट्टी लावली आणि नखाने दाबून दाबून बसवली. कारखान्यात सगळे म्हणत की पट्टीवाल्या फ्लॉपीचा भरवसा नसतो, आज आहे तर उद्या नाही. मी मनात म्हणत असे, बघाच तुम्ही.

मग मला फॉरमॅट केले गेले. घाबरू नका, पहिल्यांदा फॉरमॅट होणे ही आमच्यात आनंदाची गोष्ट असते. कोरी फ्लॉपी म्हणजे रेघा न आखलेला कागद. तिच्यात काही ठेवता येत नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटत, त्यात नजाहने फॉरमॅटची कमांड लिहिली, कमी मावणाऱ्या जातीचा आकडा घातला आणि कळ दाबली. माझ्या पोटात खर्र-खट, खर्र-खट असा आवाज सुरू झाला. गुदगुल्या झाल्या. शेवटी कॉम्प्युटर विचारतो, हिला नाव काय द्यायचे? तिने स्वतःचे नाव लिहिले. नजाह.

त्यामागे कारखान्याचा एक नियम होता. पूर्वी कधी तरी कोणी तरी मोठ्या मागणीची फ्लॉपी पुसून टाकली होती आणि विचारल्यावर सगळ्यांनी कानांवर हात ठेवले होते. तेव्हापासून कारखान्याचे मालक अबू रातिब, ज्यांना सगळे मुअल्लिम म्हणजे उस्ताद म्हणत, यांनी फर्मान काढले होते की जो पुसेल तो आपले नाव लावेल. फ्लॉपी कोणाच्याही मालकीची असो, शेवटचे फॉरमॅट ज्याने केले त्याचे नाव तिच्यावर राहील. वर चिकटवलेल्या कागदावर नव्हे, कारण कागद फाडता येतो. आत, पोटात.

नजाहच्या मागे तेव्हा तिचा धाकटा भाऊ झुहैर उभा होता. तो यंत्रावर काम करत असे. नोकरी तिनेच मिळवून दिली होती आणि आता कॉम्प्युटरही तीच शिकवत होती. देखणा, हसरा, बोलण्यात गोड मुलगा. फॉरमॅटच्या दोन तऱ्हा तिने त्याला समजावल्या. एक झटपट. तिच्यात फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, धडे आत तसेच असतात, कोणाला दिसत नाहीत एवढेच. दुसरी बिनशर्त. तिच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे घासून निघते, मग कोणाच्या बापालाही परत आणता येत नाही. झुहैरने विचारले की झटपटने काम होत असेल तर दुसरीच्या भानगडीत कोण पडेल? नजाह हसली.

"तू काहीही कर, पण शेवटी नाव घालायला विसरू नकोस," ती म्हणाली. "हाताला सवयच लागली पाहिजे. डोकं दुसरीकडे असलं तरी हाताने नाव घातलं पाहिजे."

त्याने ती सवय लावून घेतली. मित्रांनो, हे लक्षात ठेवा.

आता त्यांच्या आईबद्दल सांगते. नजाह मोठी असली तरी आईला सगळे उम्म झुहैर म्हणत, मुलाच्या नावाने. तिकडे तसेच म्हणतात आणि नजाहला त्याचे कधी काही वाटले नव्हते. उम्म झुहैरने आयुष्यभर हाताने नवऱ्यामुलींचे झगे भरले होते. तिचे एक स्वतःचे फूल होते, सफरजलचे, म्हणजे सफरचंदासारख्या एका आंबट फळाच्या झाडाचे. कोणाकडून उचललेले नव्हे, अंगणातल्या झाडाकडे बघून तिने बसवलेले. चार पाकळ्या सरळ आणि पाचवी जरा मुडपलेली, कारण ते झाड भिंतीला लागून होते आणि तिकडची पाकळी भिंतीला घासे. अशी मुडपलेली पाकळी दुसऱ्या कोणाच्या भरतकामात नव्हती. आता तिच्या डोळ्यांवर पडदा चढत चालला होता. सुईत दोरा ओवायलासुद्धा शेजारणीला हाक मारावी लागे. ती गेली की फूलही जाणार, हे नजाहला खात होते.

त्याच सुमारास कारखान्यातली खिडकीजवळची खुर्ची रिकामी झाली. त्या खुर्चीवर नक्षी काढणारा बसे. जुना माणूस आखातात निघून गेला. अबू रातिब म्हणाले की वसंतातल्या लग्नांसाठी जो अशी नक्षी आणेल की राजधानी दिमश्कचे व्यापारी पाहताच होय म्हणतील, खुर्ची त्याची. नजाहने कित्येक वर्षे दुसऱ्यांच्या नक्ष्या दुरुस्त केल्या होत्या. ती खुर्ची तिला हवी होती, आणि का नसावी? पण त्याहून एक गोष्ट तिला जास्त हवी होती. त्या बाजारात नक्षी काढणाऱ्याचे नाव नक्षीला चिकटते. तिला आईचे फूल यंत्रावर आणायचे होते आणि त्याला आईचे नाव द्यायचे होते. उम्म झुहैर नव्हे. तिचे स्वतःचे, फौझिया.

सगळा हिवाळा ती त्या फुलावर बसली. हाताचा टाका यंत्राला शिकवणे म्हणजे काय चीज आहे ते मला विचारा. ती घरून आईचा जुना झगा आणी, पाकळीवरून बोट फिरवी, मग एकेक टाका पडद्यावर मांडी. संध्याकाळी सगळे माझ्या पोटात ठेवून मला पिशवीत घालून घरी नेई. कॉम्प्युटरच्या पोटात ती काही ठेवत नसे, कारण मालक दर गुरुवारी तो झाडून साफ करत. एकदा झुहैरने विचारलेही की तू दुसरी प्रत का करत नाहीस? त्या बाजारात नक्ष्यांच्या चोऱ्या फार होत. कोणी तरी चहा प्यायला म्हणून येई आणि जाताना खिशातून फ्लॉपी नेई.

"दुसरी प्रत म्हणजे चोराला दुसरं दार," नजाह म्हणाली. "एकच राहू दे. माझ्या डोळ्यांसमोर राहील."

तिने सगळ्या परक्यांना दार लावले होते. घरातल्या माणसाला कोण दार लावतो?

फूल पूर्ण झाले त्या दिवशी तिला आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे होते. त्या डॉक्टरची वेळ मिळायला फार दिवस लागत, म्हणून ती मोडता येत नव्हती. तिने मला झुहैरच्या हातात दिले आणि सांगितले की एका चिंधीवर चालवून बघ, पाचवी पाकळी नीट मुडपते का तेवढे पाहा, मालकांना मी आल्यावर दाखवेन. तो म्हणाला की डोळ्यांत तेल घालून सांभाळीन. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. तिने ठेवला होता, मग मी कोण शंका घेणार?

त्याने मला यंत्रात घातले. सुया खाली आल्या. मित्रांनो, त्या घटकेला जे वाटले ते पुन्हा कधी वाटले नाही. पिवळट दोऱ्याच्या चार पाकळ्या उमलल्या आणि पाचवी हळूच आत वळली, जशी त्या झाडावर वळते तशी. झुहैरसुद्धा बघत राहिला. आईच्या मांडीवर डोके ठेवून त्याने लहानपणी हेच फूल पाहिले होते. तेवढ्यात मागून अबू रातिब आले. त्यांनी चिंधी उचलली, उजेडात धरली आणि विचारले, कोणाची नक्षी?

झुहैर थांबला. हे मी शपथेवर सांगते, की तो थांबला. त्याला खरे सांगायला भरपूर वेळ होता.

"माझी, मुअल्लिम," तो म्हणाला.

मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बाई माणसाला खुर्ची दिली असती तर दिमश्कला व्यापाऱ्यांकडे कोणी जायचे, अशी त्यांना काळजी होतीच, ती आपोआप मिटली. ते चिंधी खिशात घालून त्याच दुपारी दिमश्कला निघाले. झुहैर मला घेऊन कॉम्प्युटरपाशी आला. त्याने फूल काढून कॉम्प्युटरमध्ये ठेवले, मालक परत येईपर्यंत तो कोणी झाडणार नव्हते, आणि मग माझ्यासाठी फॉरमॅटची कमांड लिहिली. झटपट. नजाहने शिकवलेली, तिच्याच शब्दांत.

पहिल्या फॉरमॅटला गुदगुल्या झाल्या होत्या. या वेळी काय झाले ते सांगायला मला शब्द नाहीत. सगळा हिवाळा माझ्या पोटात होता आणि क्षणात असे झाले की विचारले तर मला सांगता येईना की माझ्याजवळ काय आहे. आहे, पण कुठे आहे ते कळेना. कॉम्प्युटरने नेहमीप्रमाणे विचारले, नाव काय द्यायचे? झुहैरचे डोळे दाराकडे होते की कोणी येते का. डोके ठिकाणावर नव्हते. पण हाताला सवय होती. हाताने लिहिले, झुहैर. मग कॉम्प्युटरने विचारले, आणखी एखादी फॉरमॅट करायची का? त्याने नाही म्हटले आणि मला बाहेर ओढले. आपण काय लिहिले हे त्याला कळलेसुद्धा नाही.

नजाह दुसऱ्या दिवशी आली. डॉक्टरने सांगितले होते की आईच्या डोळ्यांचे आता काही होण्यासारखे नाही. त्यात झुहैरने तोंड पाडून तिला सांगितले की यंत्राने फ्लॉपी वाचलीच नाही, नुसती घरघर केली, आतले सगळे गेले.

"घालून बघू दे मला," नजाह म्हणाली.

"नको घालूस," तो घाईने म्हणाला. "आतून खरवडली गेलीय. कॉम्प्युटरचं वाचायचं डोकं घाण होईल, मग चांगल्या फ्लॉप्या पण जातील. मुअल्लिम आपल्याला दोघांनाही हाकलतील."

ही समजूत तेव्हा सगळ्या कारखान्यात होती. खराब फ्लॉपी म्हणजे लागण झालेले माणूस. एकदा घातली की यंत्र बिघडते आणि यंत्रामुळे दुसऱ्या बिघडतात. म्हणूनच खराब फ्लॉपीचे झाकण उपटून टाकायचा रिवाज होता, म्हणजे चुकूनसुद्धा कोणी ती वापरू नये. झुहैरने माझ्या झाकणाला बोट घातलेच होते. नजाहने त्याचा हात धरला. ती म्हणाली की राहू दे, तिच्यात यम्माचे, आपल्या आईचे, फूल होते. माझे झाकण वाचले. पण तिने मला कॉम्प्युटरमध्ये घातले नाही. एकदा जरी घातले असते तर पडद्यावर पहिल्याच ओळीत चोराचे नाव होते. तिने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, पट्टीवाल्यांचा भरवसा नसतो हेच खरे.

मला पुसले त्याचे जेवढे दुःख झाले नाही तेवढे त्या वाक्याचे झाले.

पुढे झुहैर रोज कॉम्प्युटरपुढे बसू लागला. बहिणीला म्हणाला, मी यम्माच्या झग्यावरून नव्याने काढायचा प्रयत्न करतो, फूल मरू नये एवढेच. मालक दिमश्कहून मागण्या घेऊन आले तेव्हा फूल तयार होते. ते तयारच होते. नजाहने कापडावर ते पाहिले, तोच टाका, तीच वळणे. तिला शंका आली असेल का? आली असेल तर तिने ती गिळली. तिने झुहैरचा हात हातात घेतला आणि म्हणाली की तू नसतास तर यम्माचे फूल गेलेच होते. तिने त्याचे आभार मानले! मी पिशवीत पडून ऐकत होते. त्यानेही ते आभार घेतले, मान खाली घालून, विनयाने.

खिडकीजवळची खुर्ची त्याला मिळाली. बाजारात त्या नक्षीला झुहैरचे सफरजल म्हणू लागले. वसंतात कल्लासेपासून जमीलियेपर्यंत नवऱ्यामुलींच्या झग्यांवर ती दिसू लागली. नजाह काही दिवस दोरे कापायच्या टेबलावर बसली, मग तिने कारखाना सोडला आणि विद्यापीठाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात लागली. मला घरी हलव्याच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवले होते, बटणे, रिळे आणि गंजलेल्या टाचण्यांबरोबर. तिथे काही वर्षे गेली. उम्म झुहैर कधी कधी डबा चाचपताना मला हातात घेई, ही काय वस्तू म्हणून विचारी आणि उत्तर यायच्या आधीच ठेवून देई. नजाहचा हात मला लागला तर तो पुढे जाई. रागावून नव्हे. ज्याने एकदा दगा दिला त्याच्याशी आपण बोलत नाही, तसा.

एक दिवस तिच्या दुकानात फ्लॉप्या संपल्या आणि एका विद्यार्थिनीचा प्रबंध कुठे ठेवावा असा प्रश्न आला. बाजार बंद होता. नजाह जेवायला घरी आली होती, तिला डब्यातली मी आठवले. दुकानातला कॉम्प्युटर इतका म्हातारा झाला होता की त्याचे डोके घाण होण्याची भीती कोणाला उरली नव्हती. तिने विचार केला असेल, फॉरमॅट करून बघू, झाली तर झाली. पण तिची जुनी शिस्त. फॉरमॅटच्या आधी आत काय आहे ते बघायचे. तिने मला घातले.

माझी चकती इतक्या वर्षांनी फिरली. जराही अडखळले नाही मी. पडद्यावर अक्षरे आली. या फ्लॉपीचे नाव झुहैर. आत काही नाही. सगळी जागा मोकळी.

नजाहने ती ओळ पुन्हा वाचली. बिघडलेली फ्लॉपी कशी बोलते हे तिला माहीत होते. ती घरघरते, कुरकुरते, कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा विचारतो की प्रयत्न करू का सोडून देऊ. मी तर पहिल्या हाकेला स्पष्ट उत्तर दिले होते. बिघडलेल्या फ्लॉपीला कोणाचे नाव नसते. मग तिने एक कमांड लिहिली जी मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. झटपट पुसलेले परत आणणारी. माझ्या पोटात पुन्हा खर्र-खट झाले आणि मला सगळे सापडले! चार सरळ पाकळ्या, पाचवी मुडपलेली, तो सगळा हिवाळा. इतकी वर्षे मी जपून ठेवला होता. पडद्यावर फाइलचे नाव आले, फौझिया, आणि शेजारी तारीख. तिने ती स्वतः शेवटची जपून ठेवली त्या संध्याकाळची.

तिने पडद्यावर हात ठेवला आणि रडली. मला वाटले की आता न्याय होणार.

शुक्रवारी झुहैर जेवायला येई. उम्म झुहैरने अंदाजाने का होईना, सफरजल घातलेले किब्बे, म्हणजे खिम्याचे गोळे, स्वतः केले होते. नजाहने मला ॲप्रनच्या खिशात ठेवले होते आणि वरून तिचा हात होता. झुहैर नेहमीसारखा हसत आला, आईचा हात डोक्याला लावला, दिमश्कच्या व्यापाऱ्यांच्या नकला केल्या. नजाह जेवत नव्हती. ती बोलायला तोंड उघडणार हे मला तिच्या बोटांवरून कळले.

पण आई आधी बोलली. समोरच्या घरातल्या मुलीच्या लग्नाला ती जाऊन आली होती. नवरीच्या झग्यावर तिने हात फिरवला, तर तिचे फूल. तिथल्या बायकांना तिने सांगितले की हे माझे फूल आहे आणि माझ्या मुलाने ते जिवंत ठेवले.

"झुहैर, मेल्यावर तुझ्या हातची माती मिळो मला," ती म्हणाली. "नजाह, तुला वाईट वाटेल, पण एक बोलते. बरं झालं तुझी ती वस्तू बिघडली. नाहीतर हा पोरगा कधी आईच्या फुलापाशी बसला असता का? डोळे गेले माझे, पण मुलाने माझं फूल आपलं मानलं, मला सगळं मिळालं."

झुहैर ताटाकडे बघत होता. नजाहने त्याच्याकडे पाहिले, आईकडे पाहिले. खिशातला हात माझ्यावर इतका घट्ट झाला की माझे कवच करकरले. मी मनात ओरडत होते की बोल, आता बोल, मी आहे ना साक्षीला! मग हात हळूहळू सैल झाला. ती उठली आणि म्हणाली की कॉफी टाकते.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने मला घातले. मला वाटले की दुसरी प्रत करून ठेवणार, सुरक्षित. तिने फॉरमॅटची कमांड लिहिली. बिनशर्त.

मित्रांनो, झटपट पुसले तेव्हा मला धडे सापडत नव्हते. या वेळी धडेच गेले. खर्र-खट, खर्र-खट, एकेक रेघ, एकेक टाका, आणि पडद्यावर किती पुसून झाले ते वाढत चालले. मी ज्याच्यासाठी इतकी वर्षे बटणांत पडून राहिले ते तिने स्वतःच्या हाताने घासून टाकले. झुहैरने चोरी केली, पण तो घाबरला होता. हिने शांतपणे केले. दोघांत कोणी जास्त दगा दिला हे मला अजून ठरवता येत नाही. आईसाठी केले, हे मला कळते. कळते म्हणून दुखत नाही असे नाही.

कॉम्प्युटरने विचारले, नाव काय द्यायचे? त्या दुकानात कोणताही नियम नव्हता. नाव न देता कळ दाबली असती तरी चालले असते. तिने एकेक अक्षर दाबून लिहिले, नजाह. जो पुसेल तो आपले नाव लावेल. निदान तिने ते बघून लावले.

पुढच्या शुक्रवारी झुहैर म्हणाला की कारखान्यात फ्लॉप्यांची चणचण आहे, दिमश्कला नवी नक्षी न्यायची आहे, तुझ्या दुकानातून एखादी मिळेल का? नजाहने मला त्याच्या हातात दिले. त्याने पांढरी कापडी पट्टी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"घे," ती म्हणाली. "चांगली आहे. मी स्वतः घालून पाहिलीय."

तेवढेच बोलली. आई शेजारीच बसली होती आणि म्हणाली की बघ, बहिणीचा किती जीव आहे तुझ्यावर.

शनिवारी त्याने मला कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये घातले. खिडकीजवळच्या त्या खुर्चीवर बसून. पडद्यावर आले, या फ्लॉपीचे नाव नजाह. आत काही नाही. सगळी जागा मोकळी. त्याला वाचायला वेळ लागला. मग त्याला आठवले असावे की शेवटी आपल्या हाताने काय लिहिले होते, कारण त्याने आपल्या बोटांकडे असे पाहिले जणू ती दुसऱ्या कोणाची होती. तिने त्याचे नाव वाचले होते. वाचून पुसले होते. आणि हे त्याला कळावे म्हणून मला त्याच्या हातात दिले होते.

मला वाटले की आता तरी हा उठेल. घरी जाईल, आईजवळ बसेल, सांगेल. कारखान्यात दुसरे कोणी नव्हते, फक्त अबू रातिब दारात काठी टेकून उभे होते. त्यांनी विचारले की काय झाले, नक्षी उतरवलीस का?

झुहैर थांबला. पूर्वी थांबला होता तसाच.

"नाही, मुअल्लिम," तो म्हणाला. "ही फ्लॉपी खराब आहे."

आणि त्याने माझे झाकण उपटले. आता धरायला कोणाचा हात नव्हता.

त्याच खुर्चीखाली कापलेल्या दोऱ्यांचा डबा आहे. मी त्यात असते. वर सुया चालतात आणि झुहैरचे सफरजल उमलत राहते.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्यापुढे कोणी एखादी वस्तू टाकून म्हणाले की ही खराब आहे, तर लगेच मान हलवू नका. एकदा स्वतः घालून बघा. एखाद्या माणसाबद्दल म्हणाले तरी तेच करा. सांगणारा घरचा असेल, लाडका असेल, तर नक्की करा. मी दोन्ही वेळा चांगली होते. माझ्या पोटात आजही एक नाव आहे, अगदी स्पष्ट, पहिल्या हाकेला मी ते सांगेन. पण झाकण नसलेल्या फ्लॉपीला आता कोणी हाक मारणार नाही.